लॉनची मशागत, घरच्या घरी

२९ ऑगस्ट, गुरुवार
नोरीन : सकाळी ९५, संध्याकाळी ९५

ही वही खरं तर नर्सबाईंनी दिली आहे. रोज दोनदा नोरीनच्या बोटाला ऑक्सिमीटर लावायचा, आकडा इथे उतरवायचा, आणि अठ्ठ्याऐंशीच्या खाली गेला की तिला थेट दवाखान्यात आणायचं, असा हुकूम आहे. पण दोन आकड्यांसाठी अख्खं पान वाया घालवणं माझ्या स्वभावात बसत नाही. उरलेल्या जागेत मी माझं लिहिणार.

तर आज आम्ही क्लोव्हर्टनला राहायला आलो! टोलीडो शहरातला तिसरा मजला सुटला, तो जिना सुटला. गेली चार वर्षं नोरीनची फुप्फुसं दगा देत होती आणि प्रत्येक वळणावर ती कठडा धरून उभी राहायची. वर 'तू हो पुढे, मी नकाशा बघतेय' असा विनोद करायची. इथे पायरी म्हणून नाही. स्वयंपाकघरातून मागचा व्हरांडा, व्हरांड्यातून सरळ लॉन. सामानाचा ट्रक रिकामा व्हायच्या आत बाईसाहेब खुर्ची टाकून गवतात बसल्या, बूट-मोजे काढून, आणि तिथूनच हमालांना हुकूम सोडायला लागल्या. एवढीच मागणी होती तिची, की उरलेली वर्षं गवतात पाय सोडून बसायचं. मी ट्रकच्या मागे जाऊन जरा रडून घेतलं. सहासष्टाव्या वर्षी एवढं चालतं.

शेजारीण डार्ला विटमर झुकिनीचा ब्रेड घेऊन आली. साठीची, बडबडी, मनानं चांगली दिसते. म्हणाली, इथे ऑगस्टमध्ये ही भाजी नको इतकी पिकते, गाडीची काच खाली ठेवून जाऊ नकोस, परत येशील तेव्हा मागच्या सीटवर कुणीतरी झुकिनी टाकून गेलेलं असेल. ब्रेड मस्त होता.

१ सप्टेंबर, रविवार
नोरीन : ९५, ९४

लॉनची तपासणी केली. दिसतं तेवढं ते चांगलं नाही. पाय ठेवला की गादीवर ठेवल्यासारखा दबतो. चाकूनं एक तुकडा कापून पाहिला, तर वरती गवत, खाली माती आणि मध्ये वाळक्या काड्यामुळ्यांचा दोन इंच जाड थर. याला थॅच म्हणतात. अर्धा इंच असला तर चालतो, दोन इंच म्हणजे पाणीही खाली जात नाही आणि हवाही. खालची माती इतकी टणक की पेचकस अंगठ्याइतकाही शिरेना. आधीच्या मालकानं म्हणे चाळीस वर्षं नुसतं कापलं, बाकी कशाला हात लावला नाही.

मला याचं एवढं पडलेलं नसतं, पण दुपारी नोरीनच्या खुर्चीचा एक पाय त्या गादीत रुतला आणि ती कलंडता कलंडता वाचली. हसत होती, पण तिला धाप लागली होती. तिला बसायला घट्ट जागा हवी, एवढं मी ठरवून टाकलं आहे.

डार्लाला विचारलं. ती म्हणाली, "त्यात काय, ऑरिनला सांग. ही अख्खी गल्ली ऑरिनच करतो." स्वतः कुणीच करत नाही का, असं विचारलं तर म्हणाली, "अरे, आमच्याकडे नाही करत." मी म्हटलं का, तर ती झुकिनीवर घसरली.

३ सप्टेंबर, मंगळवार
नोरीन : ९५, ९५

ऑरिन मेटकाफ न बोलावताच आला. सत्तरीचा, लांबुडका, जुनी टोपी. फुटपाथवर उभा राहूनच लॉन पाहत होता, गवतावर पाय ठेवीना. म्हणाला, करून देतो, दोनशे दहा डॉलर. मी म्हटलं, पूर्ण लॉनचे ना? तर म्हणे, एक तृतीयांश लॉनचे. पुढच्या वर्षी दुसरा तुकडा, त्याच्या पुढच्या वर्षी तिसरा.

मी हसलोच. माणसानं गिऱ्हाईक तीन वर्षं बांधून ठेवायची काय युक्ती काढली आहे! तो काही रागावला नाही. म्हणाला, "साहेब, इथली जमीन एकदम उघडायची नाही. ओढ असते तिला. आणि भोकं पाडायच्या मशीनमधून मातीच्या कांड्या निघतात त्या जागच्या जागी पडू द्यायच्या. पावसानं विरघळतात, तिचं तिला परत मिळतं. दुसऱ्या कुणाकडून करून घेतलंत तरी एवढं सांभाळा." ओढ म्हणजे काय, हे मात्र त्याला धड सांगता येईना. जुन्या कारागिरांचं हे असंच असतं, दोन गोष्टी कामाच्या आणि आठ गूढ.

मी तीस वर्षं शाळेच्या बसगाड्यांची इंजिनं उघडली आणि बंद केली आहेत. दांडा धरून एक मशीन ढकलायला मला माणूस लागत नाही. नोरीनचं मत वेगळं पडलं. "लाइल, माणूस बोलव. तुझी कंबर आणि तुझा हट्ट, दोघांनाही मी चाळीस वर्षं ओळखते." मी तिला म्हटलं, एका शनिवारचं काम आहे.

७ सप्टेंबर, शनिवार
नोरीन : ९५, ९४

झालं! सगळं झालं, पुढचं, मागचं, बाजूची पट्टीसुद्धा. कंबर माझ्या मालकीची राहिलेली नाही, पण छाती भरून आली आहे.

काल भरपूर पाणी मारून ठेवलं होतं. पाण्याच्या फवाऱ्यांजवळ छोटे झेंडे रोवले, फवारे मशीनखाली आले तर फुटतात म्हणून. सकाळी भाड्याच्या दुकानातून दोन यंत्रं आणली. पहिलं थॅच उपटायचं. त्यानं इतका कचरा वर आणला की लॉनवर गवताच्या गंजी लागल्या. थर बोटभरही शिल्लक ठेवला नाही, खालची माती दिसेपर्यंत विंचरून काढलं. मग एरेटर, भोकं पाडायचं मशीन. धूड आहे नुसतं, पुढे ढकलायचं नसतं, त्याच्यामागून फरफटत जायचं असतं. पोकळ दाते जमिनीत तीन इंच घुसतात आणि बोटाएवढी मातीची कांडी काढून मागे टाकतात. एकदा उभं फिरवलं, एकदा आडवं. दुकानातला पोरगेला मॅनेजर म्हणाला होता, दोन फेऱ्या मारा, जितकी भोकं तितकं चांगलं. मोजली नाहीत, पण हजारांनी असतील.

एक गंमत. मी मशीन चालू केलं आणि अर्ध्या तासात गल्ली रिकामी झाली. विटमर, पलीकडचं म्हातारं जोडपं, कोपऱ्यावरचा शिक्षक, सगळे गाड्या काढून गेले. डार्ला जाताना ओरडून म्हणाली, अग्निशामक दलाच्या हॉलमध्ये पॅनकेकचा नाश्ता आहे, तुम्हीही चला, नोरीनला तरी दे पाठवून. नोरीन म्हणाली, मी माझ्या नवऱ्याचा तमाशा सोडून पॅनकेक खायला जाणार नाही. ती व्हरांड्यात बसून दर फेरीला टाळ्या वाजवत होती. परतल्यावर डार्लानं लॉन पाहिलं आणि नुसतं "सगळं?" एवढंच म्हणाली.

८ सप्टेंबर, रविवार
नोरीन : ९४, ९३

वसाहतीच्या सोसायटीची चिठ्ठी दाराला! कालची कामगिरी कुणाला तरी खुपली. लॉनवर 'अस्वच्छ ढेकळे' दिसत असून ती तीन दिवसांत हटवावीत. आता त्या कांड्या दिसतात खऱ्या हजार बदकं येऊन पोट साफ करून गेल्यासारख्या, हे मलाही मान्य आहे. ऑरिन म्हणाला होता राहू द्या. पण नव्या गल्लीत आठवड्याच्या आत दंड भरायची मला हौस नाही, आणि पसारा मलाही बघवत नाही. बसच्या वर्कशॉपमध्ये माझ्या खालची फरशी सगळ्यांत स्वच्छ असायची.

दिवसभर दाताळ्यानं ओढून सगळ्या गोळा केल्या. कागदी पोती भरली, एकोणीस. रस्त्याच्या कडेला ओळीनं लावली. उद्या पालिकेची हिरव्या कचऱ्याची गाडी येते. मग बी पेरलं, वरून खत.

नोरीनची खुर्ची आता घट्ट बसते. ती तासभर अनवाणी बसली. म्हणाली, जमीन पायाला गार लागते आणि जराशी गुदगुल्या करते. दमली असं म्हणून आत गेली.

११ सप्टेंबर, बुधवार
नोरीन : ९२, ९१

ती खोकत नाही, ताप नाही, फक्त थकते. नर्सबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या घर बदलल्याचा ताण असेल, लक्ष ठेवा.

लॉन मात्र बघत राहावं असं झालं आहे. चार दिवसांत! बी उगवायला दहा दिवस लागतात असं पिशवीवर लिहिलंय. इतकं हिरवं गवत मी गोल्फच्या मैदानावरही पाहिलेलं नाही. रस्त्यानं जाणारे थांबून बघतात. स्तुती मात्र कुणी करत नाही, आणि डार्ला आपल्या हद्दीतूनच बोलते. परवा झुकिनी द्यायला आली तेव्हा लॉन ओलांडायचं सोडून लांबून फुटपाथनं वळसा घालून आली.

एकच गोष्ट खटकते. भोकं बुजत नाहीत. काल चांगला पाऊस झाला, कडा ढासळून भरायला हव्या होत्या. एकूण एक भोक काल पाडल्यासारखं गोल आहे.

१२ सप्टेंबर, गुरुवार
नोरीन : ९१, ९०

सकाळी दहा वाजता, स्वच्छ ऊन, वारा नाही. मेपलचं एक पान एका भोकावर पडलं होतं. ते हलत होतं. आधी खाली चिकटायचं, मधोमध खोलगट व्हायचं, मग सुटून वर यायचं. पुन्हा चिकटायचं. मी खाली बसून पाहिलं. दुसरं पान उचलून शेजारच्या भोकावर ठेवलं. तेही तसंच. दोन्ही एकाच वेळी.

जमिनीखाली कुठेतरी पाइप फुटला असेल, दाब कमीजास्त होत असेल. पाणीवाल्यांना बोलावलं. त्यांचा माणूस आला, दोन तास यंत्र लावून बसला, म्हणाला तुमचे पाइप ठणठणीत आहेत.

१३ सप्टेंबर, शुक्रवार
नोरीन : ८९, ८९

हे लिहायला मला बरं वाटत नाही, पण लिहितो, कारण इंजिन बिघडलं की आवाज लिहून ठेवायचा असतो.

भोकावर तळहात धरला. आधी गार ओढ, मग उबदार फुंकर. मिनिटाला अठरा वेळा, घड्याळ लावून मोजलं. पुढच्या अंगणात अठरा, मागच्या अंगणात अठरा.

मग मान वर केली तर समोर व्हरांड्यात नोरीन शब्दकोडं सोडवत होती. तिचे खांदे वर झाले की पान खाली ओढलं जात होतं. ती थांबून पाणी प्यायली. पान थांबलं. तिनं दम घेतला, पान दबलं.

मी तिथेच गवतात बसून राहिलो. ती विचारत होती काय रे झालं, आणि मी म्हटलं, काही नाही, कंबर.

१४ सप्टेंबर, शनिवार
नोरीन : ८८, ८८

ऑरिनकडे गेलो. त्याच्या दारात उभं राहून, टोपी हातात घेऊन. पान, अठरा, खांदे, सगळं सांगितलं. मला वाटत होतं तो हसेल. तो हसला असता तर मी त्याला मिठी मारली असती.

त्यानं एवढंच विचारलं, मशीन चाललं तेव्हा घरात कोण होतं? नोरीन, व्हरांड्यात. आणि कांड्या? पोत्यात भरल्या, गाडीनं नेल्या.

मग म्हणाला, त्याच्या बापानं त्याला एवढंच शिकवलं होतं. उघडताना घर रिकामं हवं, म्हणजे जमीन कुणाला धरत नाही. थोडंच उघडायचं, म्हणजे फार मागत नाही. आणि तिची माती तिच्यापाशी ठेवायची, म्हणजे तिचं तोंड मिटतं. ज्या भोकातली कांडी, त्याच भोकाला. "मी तुम्हाला नीट सांगायला हवं होतं. पण साहेब, हे नीट सांगितलं की लोक दुसरा माणूस बघतात." मग हे बंद कधी होणार, असं विचारलं. तो म्हणाला, जमीन गोठली की. डिसेंबरच्या मध्यावर.

नव्वद दिवस. नोरीनचा आकडा रोज एकानं उतरतोय.

१५ सप्टेंबर, रविवार
नोरीन : सकाळी ८६

हुकमाप्रमाणे दवाखान्यात निघालो. तिला गाडीत बसवलं, छोटी ऑक्सिजनची टाकी मांडीवर, नळी नाकाला. गावाच्या पाण्याच्या टाकीपाशी आकडा ८१. मी म्हटलं यंत्र सैल बसलं असेल. हमरस्त्याच्या पुलापाशी ७३. ओठ निळे. तिनं माझी बाही धरली, बोलता येत नव्हतं तिला. ऑक्सिजनचा काटा पूर्ण होता, नळीतून हवा येत होती. मी पुलावरच गाडी वळवली, मागचे भोंगे वाजवत होते.

पाण्याच्या टाकीपाशी ७९. गल्लीच्या तोंडाशी ८४. दारात ८६.

अर्ध्या तासानं दुसऱ्या बाजूनं प्रयत्न केला, शेतांकडून. तेच झालं. आता ती म्हणते, लाइल, मला पुन्हा गाडीत बसवू नकोस. अँब्युलन्स बोलावली तर ते लोक माझं ऐकून वळणार नाहीत. पुलाच्या पलीकडे ती उरणार नाही.

हे मी केलं आहे. दोनशे दहा डॉलर आणि माझी ऐट.

१६ सप्टेंबर, सोमवार
नोरीन : ८५, ८४

सकाळी उघडायच्या वेळेला पालिकेच्या खतडेपोवर. आमच्या गल्लीची पोती गेल्या मंगळवारीच दळून ढिगात गेली. ढीग दुमजली घराएवढा, वाफा निघत होत्या. मी त्यात हात घालून उभा होतो. तिथल्या बाईनं हळूच विचारलं, काका, अंगठी हरवली का?

चाळीस पोती बागेची माती विकत आणली. दिवसभर एकेक भोक बोटानं भरलं, ठासून. डार्ला आपल्या गवताच्या कडेवर उभी राहून बघत होती. तिला म्हटलं, ये ना मदतीला. ती रडायला लागली, पण पाय पुढे टाकला नाही. तिच्या मुलीला गेल्या महिन्यात बाळ झालंय, ते तिच्याच घरी आहे, असं म्हणाली. मी तिला दोष देत नाही. दिला होता, मग परत घेतला.

संध्याकाळपर्यंत पुढचं अंगण पूर्ण भरलं.

१७ सप्टेंबर, मंगळवार
नोरीन : ८३

भरलेली सगळी माती बाहेर. प्रत्येक भोकाशेजारी एकेक कांडी, नीट, माझ्या मशीननं टाकल्यासारखी. भोकं उघडी.

टायरमध्ये हवा भरायचा कॉम्प्रेसर आणला. नळी भोकात घातली आणि फुल दाबानं सोडला. हवाच हवी ना तुला, घे. एक तास. नोरीनचा आकडा हलला नाही. लॉनही हललं नाही. जमिनीला ती हवा नको.

दुपारी ८२.

१८ सप्टेंबर, बुधवार
नोरीन : ८०

बॅटरी घेऊन भोकात बघायला पालथा पडलो. दमलो होतो. तोंड भोकावर आलं आणि मी एक मोठा सुस्कारा टाकला. तो गेला. माझ्या मनाला येईल तेवढाच नाही, छातीच्या तळापर्यंतचा ओढून नेला.

व्हरांड्यातून नोरीनचा आवाज आला. "लाइल, आत्ता काय केलंस?" म्हणाली, एक श्वास पूर्ण आला. चार दिवसांत पहिला.

पुन्हा सोडला. ८१. पुन्हा.

जेवणाच्या वेळेपर्यंत ८८. उठलो तर व्हरांड्यापर्यंत जाताना दोनदा थांबावं लागलं. माझ्या बोटाला यंत्र लावून पाहिलं. मी ९३.

हरकत नाही. माझी फुप्फुसं चांगली आहेत, मी कधी सिगारेट ओढली नाही. डिसेंबरपर्यंत पुरवून वापरतो.

तिला सांगितलं नाही. म्हटलं, बी तपासतोय.

१९ सप्टेंबर, गुरुवार
नोरीन : ९१. मी : ८९

वही आता गवतातच असते. पालथा पडून लिहितो. दहा श्वास दिले की एक ओळ.

ऑरिन आला होता. फुटपाथवर उभा. मला न बोलावता मशीन का आणलंत असं एकदाही म्हणाला नाही. म्हणाला असता तर बरं वाटलं असतं. विचारलं, मी देऊ का काही श्वास? मी म्हटलं, मशीन चाललं तेव्हा तू इथे नव्हतास, तुझे जमीन घेईल का? त्यानं वाकून फुंकर मारली. काहीच झालं नाही. तो टोपी घालून गेला.

घेते ती आम्हा दोघांचेच.

दुपार. नोरीन ९४. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज. ती स्वतःहून उभी राहून सूप करतेय — गातेय. गाते आहे ती. किती वर्षांनी —

मी ८५.

२० सप्टेंबर, शुक्रवार
नोरीन : ९७

सत्त्याण्णव. लग्नाच्या आधीही इतका नसेल.

मी ७९. बोलता येत नाही. शब्दाला लागतो तेवढा दम शिल्लक राहत नाही. तिनं हाक मारली तर हात हलवतो.

मधे उठायचा प्रयत्न केला. उठता आलं नाही. कुणी धरलेलं नाही. फक्त सोडलेला श्वास परत घ्यायला छातीच — उघडत नाही —

दहा वाजले. ऊन छान आहे.

तिला कळलं. व्हरांड्यात उभी राहून बघत होती, किती वेळ कोण जाणे. यंत्र माझ्या बोटावर होतं, तिनं आकडा पाहिला. मग माझं तोंड कुठे आहे ते पाहिलं. चाळीस वर्षांची ओळख, काय लपवणार.

येतेय. चालत, आधाराशिवाय, अनवाणी. रागावली आहे. लाइल ब्रँडस्टेटर, मूर्खा, म्हणतेय. ऊठ. ऊठ म्हणतेय.

ओढलं मला तिनं. ताकद आली आहे तिला. पण मी उठत नाही — माझ्याकडून नाही होत —

ती शेजारी बसली. रडतेय. आता आडवी होतेय. माझ्या शेजारी, पालथी. दुसऱ्या भोकाशी —

नोरीन नको. मला ओरडता येत नाही म्हणून लिहितोय. हे बघ. वही बघ. तोंड लावू नको. तुझा श्वास मला येणार नाही असं नाही, येईल, येतोय, मला ८१ — ८४ — म्हणूनच नको. मी तुला देणार, तू मला देणार, आणि मधे ती जमीन — नोरीन, डोळे उघड, हे वाच, घरात जा. मी ८८. तू बोलत का नाहीस. तुझा हात गार — नोरीन मला श्वास येतोय, थांब, मी पुन्हा देतो, मी आता देतो, तू फक्त घे, घे ना, ते —